दर गुरुवारी दसरा

हॅलो?… कोण?… हां, आत्या, जय भीम. बोल… आवाज तुटतोय गं, जरा खिडकीशी जा… हां, आता येतोय. इतक्या सकाळी? सगळं बरं ना?… बाळ?… झोपलीय. आणि पूनम?… बरं. मग माझा जीव कशाला टांगणीला लावलास?

रविवारी? आहे ना लक्षात. सनीच्या लेकीचं नामकरण विसरेन का मी… विहारातच ना?… आम्ही किती जण? थांब, तव्यावर भाकरी आहे… हां. मी, हे, दोघं पोरं. दादा आदल्या दिवशीच तुझ्याकडे तळेगावला येतो म्हणालेत, भावाचं कौतुक कर जरा… मिनल? मिनलला नको धरूस… अगं, नको धरूस म्हणतेय ना… हो, माहितीये, बाळाचं नाव तीच सुचवणार होती… नाही, तुझ्यावर रुसलेली नाही. ती कुणाचाच फोन उचलत नाही. माझ्या घरात राहून माझासुद्धा उचलत नाही.

एवढी घाई कशाची आकड्याची?… अच्छा, जेवणाचं सनी सांगणार आहे. हो ना, एकदा गेटवर फोन जमा करून घेतला की मग शिफ्ट सुटेपर्यंत माणूस गेलाच. पण त्याची कंपनीची बस आत्ता कुठं सुटलीय म्हणतेस ना? म्हाळुंग्याला पोचायला वेळ आहे. मग ऐक. तुला सांगायलाच पाहिजे. रविवारी चार बायका विचारतील, आम्रपालीची धाकटी बहीण कुठाय, आणि तू तिथं भलतंच काहीतरी बोलून बसशील.

काय?… पॅकिंगमधून काढलं सनीला? मशीनवर घेतलं? बरं झालं बाई, किती दिवस खोकी चिकटवत बसणार होता… हो हो, मशीनचं कौतुक मग सांग. आधी माझं ऐक.

मिनलच्या हातून चूक झालीय… नाही गं, तसलं काही नाही. पोरीची चूक म्हटलं की तुम्हाला एकच सुचतं. कामातली चूक. एका माणसाचा हात गेलाय.

… हो. आहे तो जिवंत. सांगते ना.

तिचं काम काय ते माहितीये ना तुला?… कॉम्प्युटरवर तर सगळीच बसतात आत्या. पत्रा दाबायच्या प्रेस असतात ना, दादा चालवायचे तसल्या, आता त्यांना सॉफ्टवेअर असतं. म्हणजे मशीनचं डोकं म्हण. ते डोकं मिनलची कंपनी बनवते. त्यात काही बदल केला की ते परत तपासावं लागतं. पण दर वेळी सगळंच्या सगळं तपासत बसलं तर आठवडा जायचा, तेवढा वेळ कोण देतंय? म्हणून काय बदललं, त्याचा धक्का कुठवर पोचेल, ते बघायचं. तेवढंच परत तपासायचं, बाकीचं सोडायचं. काय सोडायचं ते मिनल ठरवते… हो, सोडायचाच पगार घेते, हस तू. ब्लाउजची बाही उसवून परत लावलीस की तू तरी काय करतेस? बाहीत हात घालून बघतेस. गळा परत मापत बसतेस का? तसंच.

तर झालं असं, की त्या प्रेसच्या स्क्रीनवर सगळं इंग्रजीत यायचं. मिनलच साहेबांच्या मागे लागली होती. चालवणारी माणसं लातूरची, बीडची, जुन्नरची, त्यांना मराठीत द्या. शेवटी एकदाचे झाले कबूल. काय खूश होती आत्या. इथं ओट्याला टेकून दादांना विचारायची, दादा, 'टू हँड'ला काय लिहू, 'फूट पेडल'ला काय लिहू. दादा म्हणाले, शब्दकोश उघडू नकोस, प्रेसवरचा माणूस घाईत असतो, सरळ हात लिही आणि पाय लिही. तिनं तसंच लिहिलं. 'हात चालू.' 'पाय चालू.'

… हां, म्हणजे बघ, 'हात' असलं की दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बाहेर बटणांवर, मग आत सापडायचा प्रश्नच नाही. आणि 'पाय' म्हणजे खाली पेडल. पाय पडला की प्रेस आली, हात कुठंही असोत. ते क्वचित लागतं, लांब पत्रा दोन्ही हातांनी धरायचा असला तर. रोजचं काम हातावर.

… थांब जरा, कुकर उतरवते. … हां.

मिनल? आहे ना इथंच. गॅलरीत बसलीय. मघाशी चहा दिला, त्यावर साय धरली. रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

तर त्या तपासण्यांमध्ये एक होती, तिचं नाव दसरा… हो, दसराच. तिच्या ऑफिसात उद्धवराव म्हणून एक जुने गृहस्थ होते, त्यांनी ठेवलेलं. आपला त्या दिवशी धम्मचक्राचा कार्यक्रम असतो, पण कंपन्यांमध्ये खंडेनवमीला मशिनी पुसून, झेंडूचे हार घालून बंद ठेवतात ना, दसरा होईस्तोवर हात लावत नाहीत. तर तशा एका दसऱ्यानंतर कुठंतरी प्रेस चालू केली आणि ती सगळं विसरलेली. तेव्हापासून उद्धवराव काहीही बदललं तरी मशीन मेन स्विचपासून बंद करायचे, दिवसरात्र तशीच ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी उठवून बघायचे, शुद्धीवर आहे का. त्यालाच सगळे दसरा म्हणायला लागले. दसरा झाला का, दसरा घेतला का.

या वेळी नाही घेतला. उद्धवराव रिटायर झाले. ऑफिसात तपासायला मशीन एकच, आणि दसरा घ्यायचा तर ती दिवसभर अडून बसणार. साहेबांना तर शनिवारी गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, मिनल, यातलं काय सोडता येईल? ही म्हणाली, "सर, नुसती अक्षरं बदललीत. दसरा पुढं ढकलू." सगळे हसले म्हणे. साहेब म्हणाले, तसाही दसरा अजून लांब आहे.

… नाही ना हसण्यासारखं. पण तेव्हा होतं. आता ते वाक्य तिला झोपू देत नाही.

अगं, चूक कशी? तिचं गणित बरोबरच होतं. नुसती बाही बदललेली. पण मराठी अक्षरांना मशीनच्या डोक्यात जागा जास्त लागते म्हणे, इंग्रजीच्या दुप्पट-तिप्पट. ती पसरली आणि शेजारी जे लिहून ठेवलेलं असतं, आपण हातावर चालतोय की पायावर, त्यावर जाऊन बसली. वीज आहे तोवर मशीनला सगळं तोंडपाठ असतं. जरा वेळ गेली तरी आत बॅटरी असते, ती धरून ठेवते. पण दिवसभर वीज गेली की बॅटरीही संपते. मग मशीन उठल्यावर लिहिलेलं वाचायला जाते, आणि तिथं काय, तर आमच्या बाईची मराठी. काही कळलं नाही की मशीन आपल्या जन्माच्या सवयीवर जाते. ती सवय पायाची.

आणि आपल्याकडे गुरुवारी सुट्टी… हो ना आत्या, एमआयडीसीत गुरुवारी लाइनची कामं, वीज बंद, कंपनीचा मेन स्विचच पाडून ठेवतात. दसरा वर्षातून एकदा कुठला? इथं दर गुरुवारी दसरा.

शनिवारी त्या गिऱ्हाइकाच्या कंपनीत ते नवीन सॉफ्टवेअर घातलं. पुढच्या गुरुवारी सुट्टी झाली. शुक्रवारी, म्हणजे मागच्या शुक्रवारी, पहिल्या पाळीला ज्योतीराम म्हणून एक माणूस प्रेसवर उभा राहिला. उदगीरकडचा. त्यानं बटणं दाबली. प्रेस येईना. परत दाबली, येईना. पत्रा अडकलाय का बघायला वाकला, हात आत घातला, आणि वाकताना पाय पुढं पडला.

… हो.

… उजवा. अंगठा तेवढा राहिला.

… नको विचारूस. मिनल गेली होती दवाखान्यात. आपण कोण ते सांगायचा धीर झाला नाही तिला, कंपनीतून आले म्हणाली. त्याच्या बायकोनं तिला स्टूल पुसून दिलं. आणि तो काय म्हणाला माहितीये? मॅडम, माझंच चुकलं, स्क्रीनवर मराठीत लिहिलेलं होतं, रोज हातच असतो म्हणून मी बघितलंच नाही. त्याचा मालकही तेच म्हणतोय. एवढं मराठीत लिहून दिलं तरी याला वाचता येत नाही, याचा निष्काळजीपणा. म्हणजे तिनं ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याच गळ्यात ते मारलं. मला सांग, कसं व्हावं पोरीचं?

… कुणाला माहीत होतं? तेव्हा कुणालाच नाही. सॉफ्टवेअरचं नावच नाही घेतलं कुणी. हिलाच राहवलं नाही. मंगळवारी ऑफिसातली मशीन बंद करून ठेवली, कुणाला न विचारता दसरा घेतला. बुधवारी चालू केली. स्क्रीनवर आलं, 'पाय चालू'.

लगेच गेली साहेबांकडे. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, तू कुणाशी बोलायचं नाहीस. आणखी दोन-चार कंपन्यांत हे गेलंय, त्यांना मी स्वतः फोन करून सांगतो, हळूच बदलून देऊ. सोमवारी ज्योतीरामच्या अपघाताची चौकशी आहे, तिथं तू सांगायचंस, सगळं तपासूनच दिलं होतं. एवढं सांगितलंस की तुझीही नोकरी राहते, बाकीच्यांचीही राहते.

… मी? मी तिला स्पष्ट सांगितलंय, सोमवारपर्यंत तोंड उघडायचं नाही… मग काय सांगू आत्या? खरं बोलली तर उद्या या पट्ट्यात तिला कोण दारात उभं करील? तिच्या शिक्षणासाठी दादांनी डबल पाळ्या केल्या, तू बघितल्यास की… हो गं, ज्योतीरामची बायको आहे, मला दिसत नाही का? हात गेला, आणि वर चूकही त्याचीच ठरली तर नोकरीही गेली. रात्री मिनल मला तेच म्हणत होती. मी म्हटलं, तू काय मुद्दाम केलंस का? तर म्हणाली, ताई, मी हसले होते. बस, तेवढं बोलली आणि गॅलरीत जाऊन बसली.

म्हणून म्हणते, रविवारी तिला नको धरूस. कुणी विचारलं तर ताप आलाय म्हण… नाही, बाळाचं नाव नाही सुचवलेलं. या आठवड्यात तिला कसलं नाव सुचतंय… बोल, तुझं काय राहिलं? मघापासून सनीचं काय चाललंय तुझं?

… हां, मशीनवर घेतला, ते कळलं… कसली मशीन?

आत्या, परत सांग. प्रेस?

… काय येतं? स्क्रीनवर काय येतं म्हणालीस?… मराठीत. कधीपासून?… सोमवारपासून. इंग्रजी होतं ते सोमवारी बदललं, आणि त्याला वाचता येतं म्हणून त्याला घेतलं.

आणि काल गुरुवार. काल घरीच होता ना तो?

… नाही, तू घाबरू नकोस. साहेबांनी सांगितलं असेल त्यांना. बुधवारीच सांगतो म्हणाले होते. सनी काही बोलला का? मशीन बंद ठेवायची, कुणी माणूस येणार, असं काही?… काहीच नाही.

मिने. मिनल, इकडं ये. सनी प्रेसवर आहे. आपला सनी. सोमवारी मराठी घातलीय तिथं. त्याला फोन लाव, आत्ता, तुझ्या फोनवरून… ठेवू नकोस आत्या, तू धरून ठेव, ती लावतेय… वाजतोय.

… वाजतोय अजून.

… नाही उचलत. गेटवर जमा झाला. बस केव्हाच पोचली असणार, मी आपली बडबडत बसले.

गेटचा नंबर आहे का तुझ्याकडे?… पूनमकडे असेल, बाळंतपणाच्या वेळी सनीनं दिला असेल की… उठव तिला. उठव म्हणते ना… हां, पूनम, काही नाही गं, सनीच्या कंपनीच्या गेटचा नंबर सांग. हळू सांग… मिने, लिहू नकोस, दाब तशीच… नऊ आठ… हां… पुढं… झालं. लागला.

आत्या, ऐकतेयस? ती बोलतेय गेटवाल्याशी. मी सांगते तुला काय म्हणतेय ते… म्हणतेय, "माझं नाव मिनल ओव्हाळ. तुमच्या प्रेसचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आहे. ते मी अर्धवट तपासून दिलंय. सगळ्या प्रेस बंद करा, कुणालाही आत हात घालू देऊ नका. सनीला फोनवर पाठवा."… तो म्हणतोय, सायरन झाला मॅडम, मशिनी चालू झाल्या. साहेबांना विचारून सांगतो.

… मिनल म्हणाली, विचारू नका, पळा.

… पळाला वाटतं. रिसीव्हर तसाच ठेवलाय त्यानं. ट्रकचा आवाज येतोय तिकडून.

आत्या, बस खाली. पूनमला धर… ऐकलं तिनं सगळं? मग जवळ घे तिला. बाळाला दे तिच्या मांडीवर… मी आहे ना फोनवर. मी कुठं जात नाही… नको, घड्याळाकडं बघू नकोस.

… नाही, अजून कुणी आलं नाही.

… मिनल उभीच आहे. फोन कानाला दाबून धरलाय. माझ्याकडं बघत पण नाही.

… थांब. कुणीतरी आलं. थांब, बोलू नकोस…

सनी आहे. आत्या, सनीच आहे फोनवर. गेटवर आलाय.

… अगं हो, त्याचाच आवाज. चिडलाय, तीन पोरं हसताहेत म्हणतोय. मिनल त्याला विचारतेय, हात बघ. दोन्ही बघ… आहेत. पूनम, आहेत गं दोन्ही. रडू नकोस.

… हो, तेच विचारतेय ती. स्क्रीनवर काय होतं?… तो म्हणतो, बघितलं नाही ताई, रोज तेच असतं. बटणं दाबत होतो, प्रेस येत नव्हती. काय अडकलं ते बघायला वाकलोच होतो, तेवढ्यात गार्डनं हाक मारली.

वाकलाच होता आत्या.

… कुणी कळवलं होतं का विचारतेयस? नाही. बुधवारपासून कुणीच कुणाला काही सांगितलेलं नाही. साहेबांनी नाही, आणि आम्हीही नाही.

… थांब, तिच्याच फोनवर दुसरा फोन येतोय. साहेबच असणार, तिथून लगेच कळवलं वाटतं त्यांना. नको उचलूस मिने, आधी बस जरा… उचलला तिनं… मिनल म्हणतेय, "हो सर, मीच सांगितलं. सोमवारी पण हेच सांगणार आहे." बस, एवढंच. ठेवला.

… काय माहीत आता. गेलीच समज नोकरी. दादांना मी सांगेन, तू काही बोलू नकोस.

… हो, सांगते तिला. आत्या तुझे पाय धरते म्हणतेय गं मिने… नको म्हणतेय.

… काय म्हणाली?… काही नाही. म्हणाली, सनीला कुणीतरी हाक मारली. ज्योतीरामला कुणी मारली नाही.

… हो, रडतेय आता. खाली बसलीय, फरशीवर. रडू दे.

भाकरी जळली माझी. ठेवते आत्या. बाळाजवळ जा तू… रविवारचं? थांब, सनीला सांगायचंय ना आकडा.

मिनलला धर… येईल का, माहिती नाही. पण धर. ठेवते.